बिननाकाचा कॅमेरा

शहाद्यात कुणी नुसतं ‘लेन्स’ म्हणत नाही. ‘लांबवाली’ म्हणतात. नवा कॅमेरा घेऊन सहा महिने, वर्ष झालं की माणूस माझ्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायचा, इकडे तिकडे बघायचा आणि सोयरिकीची गोष्ट काढावी तशा हळू आवाजात विचारायचा, “चाचा, लांबवाली शे का?” कशाला पाहिजे हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसायचं. मित्राकडे आहे, साडूकडे आहे, म्हणून आपल्याकडेही हवी.

एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझं फोटोचं दुकान. आधी नुसता स्टुडिओ होता, मागे रंगवलेला पडदा, त्यावर तलाव आणि तलावात दोन बदकं. मग रोल धुण्याचं काम आलं, ते गेलं, मग कॅमेरे आणि लेन्स विकायला लागलो. आता तेही जवळपास संपलं आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मोबाईलच्या काचेवरची काच, एवढ्यावर दुकान चालतं. आमच्या घरात बोलणं हिंदी, काउंटरवर अहिराणी आणि पाटीवर मराठी. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा मी पाटीची भाषा निवडली. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिकाऊ माणूस जो डीएसएलआर घ्यायचा, त्याच्यासोबत खोक्यातच एक लेन्स यायची. अठरा-पंचावन्नची. जेवणाच्या थाळीसारखी ती. थोडं सगळं असतं, पोट भरतं, पण एखाद्या पदार्थासाठी जीव अडकला तर तो थाळीत पुरेसा मिळत नाही. म्हणून मग दुसरी लेन्स. लेन्सवरचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं आणि तितकी नळी लांब. आकडा लहान असेल तर समोरचं जास्त मावतं. दुसरा एक आकडा असतो, तो लेन्सचं तोंड किती उघडतं याचा. तो मात्र उलटा. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि तोंड मोठं तितका उजेड आत जास्त. हे उलटं गणित समजावताना माझा अर्धा जन्म गेला आणि समोरच्यानं मान हलवून शेवटी विचारलं, “ते बठ्ठं बरोबर शे चाचा, पन लांबवाली दखाडा ना.”

तर लांबवाली. एक केळीचे बागायतदार आले होते. गच्चीवरून त्यांना शेतातल्या मोटारीच्या खोक्यावरचा लाल दिवा बघायचा होता. लाईट आली की नाही हे बघायला रोज मोटरसायकल काढावी लागायची म्हणे. मी म्हटलं, आप्पा, यापेक्षा दुर्बीण घ्या. ते म्हणाले, दुर्बिणीनं फोटो निघत नाही आणि वीज मंडळाच्या साहेबाला पुरावा दाखवावा लागतो. लेन्स घेऊन गेले. पुढे कधीतरी भेटल्यावर विचारलं तर सांगितलं, दिवा छान दिसतो, फक्त लाईट येत नाही.

दुसरे एक गुरुजी. त्यांची नेमणूक नर्मदेकाठी, मणिबेलीच्या बाजूला, जिथं नावेतून जावं लागतं. धरणाच्या पाण्यात तिथलं बरंचसं गाव गेलं, राहिलेली घरं वर डोंगरउतारावर. गुरुजींना नावेतून त्या घरांचे फोटो काढायचे होते. मी सांगून पाहिलं की लांबवाली दूरचं मोठं करते तसा हाताचा हलकासा थरथराटही मोठा करते, आणि नाव तर सारखी हलते. त्यांनी ऐकलं नाही. महिन्यानं फोटो घेऊन आले, सगळं डोंगर-घर दुधात कालवल्यासारखं. “दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं आहे हो,” म्हणाले. मी त्यांना लेन्स बदलून दिली. पुढं त्यांनी नावेतल्या पोरांचेच फोटो काढले, वह्या पोटाशी धरून बसलेली पोरं. त्यातला एक फोटो मी मागून घेतला आणि काउंटरच्या काचेखाली ठेवला.

पण लांबवालीचं खरं राज्य लग्नात. आमच्याकडे लग्नातल्या फोटोग्राफरची पत्रिका कुणी बघत नाही, नळी बघतात. नळी जितकी लांब तितका माणूस मोठा. लांब नळीवाला आला की त्याला आधी सरबत, आधी खुर्ची, आधी जेवण. आखूड लेन्स लावून आला तर वरबापाचा चुलता येऊन विचारतो, खरा फोटोग्राफर केव्हा येणार? मला वाटतं हे दुसरीकडेही असेल, पण आमच्या तापीकाठी जरा जास्तच. आमची पोरं साध्या शिकाऊ कॅमेऱ्याला अशी एकेक तोफ लावून फिरायची की नाकापेक्षा मोती जड व्हायचा. मान दुखायची बिचाऱ्यांची, पण काढत नसत.

हेमांगी माझ्या दुकानात आली तीही लांबवाली मागायला.

ही जवळच्या ब्राह्मणपुरी गावची. गुजर शेतकऱ्यांच्या घरातली मुलगी, वय तिशीच्या आतबाहेर. गुजरातेत दिली होती, तिथं जमलं नाही, पाच-सहा वर्षांची मुलगी घेऊन माहेरी परत आली. तिच्या भावानं, योगेशनं, एकदा हौसेनं कॅमेरा घेतला होता. हौस आटली आणि कॅमेरा कपाटावर जाऊन बसला. हिनं तो खाली काढला आणि मोबाईलवर बघून बघून शिकली. केळीचे घड, गाय, शाळेतल्या मुली, जे समोर येईल त्याचे फोटो काढत गेली. मेमरी कार्ड भरलं की माझ्याकडे प्रिंटला यायची. फोटो चांगले असायचे. मी तिला तसं म्हणालोही होतो, आणि मी सहसा म्हणत नाही.

त्या दिवशी ती आली तेव्हा चेहरा ओढलेला होता. घरात ठरलं होतं ते तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं. ही एक लग्नसराई तिला दिली होती. तेवढ्यात काम मिळालं, चाललं, तर ठीक. नाहीतर योगेश कॅमेरा मित्राला देऊन टाकणार आणि हिनं सुरतला मावसबहिणीकडे राहून साड्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायचं. मुलगी इथंच, आजीजवळ, शाळा बुडू नये म्हणून.

“तिले सोडीसन जानं पडी चाचा,” ती म्हणाली. “माले आंडेरले सोडीसन नही ऱ्हावाव.” लेकीला आमच्याकडे आंडेर म्हणतात.

तापीकाठच्या एका गावात मोठ्या घरचं लग्न होतं. मुख्य कामाला सुरतहून फोटोवाल्यांची टीम यायची होती. नवरीच्या आईची आणि हिच्या आईची ओळख, म्हणून हळदीच्या दिवशी हिनंही फोटो काढावेत असं ठरलं होतं. बघू तरी पोर कसं काढते, असं. हे काम जमलं असतं तर त्याच गोतावळ्यातली पुढची लग्नं होती. नाही जमलं तर बोलणं संपलं.

“माले लांबवाली जोयजे,” हेमांगी म्हणाली. “बिगर लांबवालीनं लगीनमा कोनी उभंच करत नही.”

एकच लेन्स घ्यायची तिची ऐपत होती आणि दुसरीची वेळ पुन्हा कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मी काही वाद न घालता सत्तर-तीनशेची लांबवाली काढून तिच्या कॅमेऱ्याला लावून दिली. लग्न म्हटलं की माझाही हात आपोआप त्याच कप्प्याकडे जायचा.

दुकानात लेन्स दाखवायची माझी एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला बाहेर न्यायचं, समोर स्टँडमध्ये शिरणाऱ्या एसटीची पाटी वाचायला लावायची. ‘नंदुरबार’ अक्षर न् अक्षर दिसलं की माणूस खूश. हेमांगी बाहेर गेलीच नाही. आत बाकावर एक बाई तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती, पासपोर्ट फोटोसाठी आलेली. हेमांगी सरळ तिच्या शेजारी जाऊन टेकली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स गर्र करून पुढं गेली, गर्र करून मागं आली, पुन्हा पुढं गेली. फोटो काही निघेना.

“चाचा, हाई बिघडेल शे का?”

“बिघडेल नही,” मी म्हटलं. “तू भलती जवळ गयी. हिले चार-पाच फूट तरी अंतर लागस. मांगे सरक.”

तिनं कॅमेरा खाली घेतला. “हळदना येळे मी मांगे कोठे सरकू? मन्ही पाठ तं भितले टेकेल ऱ्हाई. पोरनी माय, आत्या, मावश्या, बठ्ठ्या बाया चिकटीसन बठतीस. मी बी त्यासमाच बठसू ना.”

आजकाल हळदी दोन होतात. एक मांडवात, पिवळ्या पडद्यासमोर, गाणी लावून, ती कॅमेऱ्यासाठीच असते. दुसरी आत, धान्याच्या कोठीजवळ किंवा न्हाणीच्या तोंडाशी, सवाशिणी नवरीला खरी हळद लावतात ती. त्या आतल्या हळदीला मी किती लग्नांत गेलो असेन! पण गेलो म्हणजे उंबऱ्यापर्यंत. फोटोवाला उंबऱ्याबाहेर उभा राहणार, बायांच्या डोक्यांवरून जे दिसेल ते टिपणार, आणि बाया तेवढ्यापुरता पदर ओढून गप्प बसणार. म्हणून लांबवाली. ती लेन्स लग्नाची नव्हतीच, ती आम्हा पुरुषांची होती. आम्हाला मागे सरकायला जागा असते कारण पुढं कुणी जाऊ देत नाही. हिला पुढं जायला कुणी अडवणार नव्हतं आणि मागे सरकायला हिला जागाच नव्हती.

मग मी पन्नासची लेन्स काढली. नवशिक्यांनी दुसरी लेन्स कोणती घ्यावी असं विचारलं की जाणते लोक हीच सांगतात, आणि बरोबर सांगतात. स्वस्त असते, तोंड चांगलं मोठं उघडतं, चेहरा सुंदर येतो. मी हेमांगीला झेरॉक्सच्या कोपऱ्यात बसवलं, पाठ भिंतीला टेकवून, आणि समोर स्वतः बसलो. फोटोत माझा एक कान, एक गाल आणि अर्धी मिशी आली. शिकाऊ कॅमेऱ्याच्या आत चित्र उमटतं तो पडदा छोटा असतो, त्यामुळे पन्नासची लेन्सही त्यावर थोडी लांबवालीसारखीच वागते, समोरचं कमी मावतं. मैदानात ठीक, मागे सरकता येतं. कोठीच्या खोलीत काय करणार?

सगळ्यात खालच्या कप्प्यात एक पस्तीसची पडून होती. कधीतरी मागवली होती, कुणी घेतली नाही. सुपारीच्या डबीएवढी आखूड. ती लावून दिली. तिथूनच, भिंतीला पाठ टेकवून तिनं बाकावरच्या बाईचा फोटो काढला. पोर, पोराच्या मुठीत आलेलं आईचं मंगळसूत्र, आईची हनुवटी, बाकाचा पत्रा, सगळं आलं. आणि फ्लॅश लागला नाही. हे फ्लॅशचं महत्त्वाचं. कॅमेऱ्यासोबत खोक्यात येते त्या लेन्समध्येही पस्तीसचा आकडा येतो, नाही असं नाही, पण तिचं तोंड लहान. अंधाऱ्या खोलीत फोटो हलतो, म्हणून मग फ्लॅश मारावा लागतो. फ्लॅश मारला की हळद पांढरी पडते आणि बाया गाणं थांबवून डोळे चोळत बसतात.

हेमांगी कॅमेऱ्याच्या पाठीवर तो फोटो बघत राहिली. मग कॅमेरा उलटा करून समोरून लेन्सकडे बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

“चाचा, हाई इतलीशीच?”

“इतलीशीच. मूर्ती लहान पण कीर्ती महान.”

तिला हसू आलं नाही. “हाई लाईसन गयी तं माले फोटूवाली कोन म्हनी?”

तिचं खोटं नव्हतं. लांबवाली घेतली तर लोक तिला उभं करणार होते आणि फोटो येणार नव्हते. आखूड घेतली तर फोटो येणार होते, पण काढायला मिळतील की नाही याची शाश्वती नव्हती. तिनंच तोड काढली, दुकानातली जुनी लांबवाली एक दिवस उसनी द्या, बाहेर ती लावते, आत गेल्यावर बदलते. मी नको म्हटलं. हळद उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यात आपल्या हातानं हळद घालणं. एकच कॅमेरा होता तिच्याजवळ. तो बिघडला असता तर सगळंच आटोपलं.

मग लेन्स मुठीत घेऊन ती म्हणाली, “हासतीन ते हासू द्या. फोटू नही उना तं माले सुरत जानं पडी.” आणि पस्तीसची लेन्स घेऊन गेली. मी दिली खरी, पण तिच्यामागं दारापर्यंत गेलो. उद्या हिला मांडवातून हाकललं तर ते माझ्या सल्ल्यानं हाकललं जाणार होतं.

त्या लग्नाचं मलाही आमंत्रण होतं. नवरीच्या बापाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, तेव्हापासूनचा घरोबा. हळदीच्या दिवशी एरवी मी गेलो नसतो, त्या दिवशी गेलो. मांडवात सुरतची टीम आधीच होती. चार पोरं, काळे शर्ट, आणि एकेकाच्या छातीवर हातभर नळी. सरबत त्यांच्याभोवती फिरत होतं. हेमांगी रिक्षातून उतरली, गळ्यात कॅमेरा. नवरीचा काका मांडवाच्या तोंडाशी उभा होता. थट्टेखोर माणूस. त्यानं तिच्या कॅमेऱ्याकडे वाकून बघितलं.

“ताई, तुन्हा कॅमेरानं नाक कोठे गयं वं?”

माणसं हसली. सुरतची पोरंही हसली. हेमांगी लाल झाली.

“असं कर,” काका म्हणाला, “तू आत जाय, बायासमा बठ. फोटू ह्या पोऱ्या काढतीन.”

त्यानं तिला बाजूला काढलं होतं, आणि तिला नेमकं जिथं जायचं होतं तिथंच धाडलं होतं! मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो तो परत बसलो. हेमांगीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि आत गेली.

थोड्या वेळानं सुरतच्या पोरांतले दोघं आतल्या हळदीसाठी उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. आतलं गाणं थांबलं. मग एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “पोऱ्यासहोन, फोटू काढी लिधात ना? आते व्हा बाहेर!” आणि दार लागलं. पोरं परत येऊन सरबत पिऊ लागली. त्यांची चूक नव्हती, त्यांच्या जागी मी असतो तर मीही सरबतच प्यायलो असतो.

बंद दाराआडून मग जे हसणं सुरू झालं ते आम्ही सगळे पुरुष मांडवात बसून ऐकत होतो. गाणं, मध्येच कुणाचं तरी नाव घेऊन केलेली चेष्टा, पुन्हा हसणं. काकाही ऐकत होता. मग एकाएकी आतलं सगळं शांत झालं आणि बराच वेळ शांत राहिलं.

हेमांगी बाहेर आली तेव्हा तिचे केस, बाह्या, कॅमेऱ्याचा पट्टा, सगळं पिवळं झालं होतं. सरळ माझ्याकडे आली आणि कॅमेऱ्याची पाठ माझ्यापुढं धरली. “चाचा, दखा बरं, हाऊ बरा शे का?”

नवरीची आई होती फोटोत. मुलीला हळद लावून झाली होती, दोन्ही तळहात ओले पिवळे. रडू आलं होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती कोपरानं डोळे पुसत होती. आणि तिच्या त्या कोपराखालून मुलगी वर आईकडे बघत होती. हातभर अंतरावरून काढलेला फोटो. पन्नासच्या लेन्सनं यातली एकच कुणीतरी आली असती, आई नाहीतर मुलगी. मी इतक्या हळदी केल्या, पण त्या शांततेत आत काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. मी एवढंच म्हणालो, “फोकस बरोबर शे.”

पुढचं काम काकानं दिलं नाही की नवरीच्या बापानं दिलं नाही. बायांनी दिलं. नवरीची आई, आत्या आणि ती दार लावणारी म्हातारी, तिघी माझ्या दुकानात येऊन हेमांगीबरोबर संगणकासमोर बसल्या आणि फोटो निवडले. जाताना म्हातारीनं बजावलं, “हाई आम्हना आतला फोटू शेत. बाहेर कोनले दखाडू नको.” हेमांगीनं ती गोष्ट मनाशी बांधली. तिथून पुढं ती जिथं गेली तिथं आधी तेवढंच सांगायची, आतला फोटो बाहेर जाणार नाही, मोबाईलवर नाही, कुणाच्या ग्रुपवर नाही, बापालाही नाही. ज्यांचा फोटो त्यांच्याच हातात. माझ्या मते तिचा धंदा या एका बोलीवर उभा राहिला. बारसं, डोहाळजेवण, हळद, मेंदी. लग्नसराई संपायच्या आत पुढच्या सराईची कामं ठरली होती. सुरतचं नाव घरात कुणी काढेना. योगेशच तिला मोटरसायकलवर गावोगावी सोडायला जायला लागला. मुलगी ब्राह्मणपुरीच्या शाळेत जाते आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर दुकानात येऊन माझ्या झेरॉक्सचे कागद रंगवते.

आता तसा डीएसएलआरच कुणी मागत नाही. कंपन्याच तो बनवेनाशा झाल्यात असं ऐकतो. काउंटरच्या काचेत दोन-तीन लेन्स उरल्यात, मी त्या रोज पुसतो. कधी कधी वाटतं, रोल धुताना लाल दिव्याखाली कागदावर चेहरा हळूहळू उमटायचा ते बघण्यातलं सुख पुन्हा कशात नाही मिळालं. गिऱ्हाईक काउंटरवर कोपरं टेकवून उगाच अर्धा तास बोलत बसायचं, तेही गेलं. मला त्याची फार आठवण येते. लपवून काय करायचंय?

गेल्या थंडीत माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात जनानखान्याकडे फोटोवाला जात नाही. मी एवढा फोटोवाला, पण माझ्या स्वतःच्या बहिणींच्या लग्नात मी बाहेरच्या मंडपात पाहुण्यांच्या ओळी उभ्या करून फोटो काढत होतो. या वेळी घरात विषय निघाला तेव्हा माझी बायको शमीम म्हणाली, “वो लडकी को बुलाओ. वो जो अंदर बैठती है.”

हेमांगी तीन दिवस आली. मेंदी, हळद आणि रुखसती, म्हणजे पाठवणी. आमच्या बायकांनी तिला घरच्यासारखं वाढलं. मी बाहेर जेवणाच्या देगच्यांजवळ होतो. आत ढोलकी वाजत होती आणि ती शमीम वाजवते आहे असं मला माझ्या भाच्यानं सांगितलं. मला खरं वाटलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं ढोलकीला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

लग्नानंतर शमीम दुकानात आली, फोटो निवडायला. हेमांगीनं संगणक सुरू केला, दोघी खुर्च्या ओढून बसल्या. मीही माझी खुर्ची ओढली.

“चाचा,” हेमांगी पडद्यावर हात आडवा धरून म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा.”

“अवं, मन्हं दुकान शे!”

“तुम्हनं दुकान शे. पन आतला फोटू शेत.”

मी शमीमकडे बघितलं. “एक तो देखने दे. वो ढोलकवाला.”

“बिलकुल नहीं,” शमीम म्हणाली. “मैंने इसको जबान देके बुलाया. तुम्हारे वास्ते तोडूं क्या?”

हेमांगीचा एक हात पडद्यावर तसाच आडवा होता. दुसऱ्या हातात मी दिलेल्या लेन्सचा कॅमेरा होता आणि माझ्यासाठी ती हात बाजूला करणार नव्हती. मनात थोडा राग आला, खोटं नाही सांगत. मग वाटलं, तिनं हात बाजूला केला असता तर पुढच्या घरात तिला कुणी आत बसवलं असतं का? मी खुर्ची परत जागेवर ठेवली आणि काचेचं दार ओढून घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

दार लागलेलं असूनही आतला आवाज येत होता. दोघी काहीतरी बघून हसत होत्या. मग शमीमचं एकटीचं हसणं आलं, मोठ्यानं, न थांबणारं. कोणता फोटो होता कुणास ठाऊक. टपरीवाल्यानं माझ्या हातात कप दिला आणि दुकानाकडे बघत विचारलं, “काय चाचा, आज दुकान बंद शे का?”

“नही भो,” मी म्हटलं. “चालू शे. मन्हंच तठे काम नही.”